तीनशे पंधराची कैफियत

भाऊबीजेच्या दिवशी जेवणे आटोपली, की पुरुषमंडळींनी ओटीवर पानसुपारी घेऊन बसावे आणि ज्याचा आपल्याशी काडीचाही संबंध नाही अशा विषयावर तावातावाने वाद घालावा, ही आपली फार जुनी रीत आहे. गेल्या दिवाळीत हा मान माझ्या मामांच्या रायफलीला मिळाला. नाणे मावळात कुंडली नदीच्या काठी मामांचे घर आहे. त्यांचे वडील गावचे पोलीस पाटील होते. त्यांच्या काळापासून तीनशे पंधरा बोअरची एक रायफल घरात परवान्यानिशी चालत आलेली आहे. एरवी ती कुलपात असते. त्या दिवशी पाहुण्यांच्या आग्रहास्तव ती बाहेर आली आणि ओटीवर घोंगडी अंथरून तिच्यावर ठेवली गेली. पोरांना लांब बसवण्यात आले. नळी उघडून रिकामी असल्याची खात्री मामांनी तीनदा केली. आणि वादाला तोंड लागले!

वादी होते आमचे एक व्याही. ते टेक्सासात असतात, संगणकाच्या धंद्यात आहेत आणि रविवारी रानडुकरे मारतात. तिकडे त्याला बंदी नाही. उलट रानडुकरांचा इतका उच्छाद झालेला आहे, की २०११ पासून हेलिकॉप्टरमध्ये बसून त्यांच्यावर गोळ्या झाडायलाही तिथल्या कायद्याने मोकळीक दिली आहे. व्याह्यांनी रायफल उचलली, नाक मुरडले आणि म्हणाले, "हे काडतूस अजून बनते? हे तर म्युझियममध्ये पाहिजे! आमच्याकडे साडेसहा मिलिमीटरचे क्रीडमूर वापरतात. चारशे यार्डावर, काळोखात, उष्णतेच्या दुर्बिणीतून. डुकराला कळतसुद्धा नाही."

प्रतिवादी होते खंडाळ्याला बंगला असलेले एक निवृत्त अधिकारी. मामांकडचा इंद्रायणी तांदूळ ते दरवर्षी घेतात आणि तो घ्यायला मुद्दाम स्वतः येतात. त्यांच्या दिवाणखान्यात सांबराची शिंगे आहेत, कपाटात जिम कॉर्बेट आहे. ते म्हणाले, "नव्या काडतुसांत राम नाही हो! रिग्बीची दोनशे पंच्याहत्तर, हॉलंडची तीनशे पंच्याहत्तर. ती काडतुसे म्हणजे घराणी होती. आता नुसते आकडे उरले."

मामा सुपारी कातरीत गप्प बसले होते. मीही त्या वेळी गप्प बसलो, कारण मी घरचा आणि ते पाहुणे. परंतु दिवाळी अंकात कोणी पाहुणा नसतो! तेव्हा तेव्हाचे उत्तर आता देतो. मला या दोघाही सद्गृहस्थांशी भांडायचे आहे. आणि एक तिसरे गृहस्थ, जे त्या ओटीवर नव्हतेच, त्यांच्याशी सर्वांत जास्त.

आधी या काडतुसाचे कूळ सांगतो, कारण आपल्याकडे ते फारसे कोणी सांगत नाही. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. शाळेत मुलांना तो पहिल्यांदा भेटतो तो १८५७ च्या धड्यात, चरबी लावलेल्या काडतुसांच्या रूपाने. ती कागदाची होती आणि दातांनी फाडावी लागत. पुढे पितळेची आली. इंग्रजांच्या फौजेने १८८० च्या दशकाच्या अखेरीस तीनशे तीन बोअरची रायफल घेतली; आणि तेव्हापासून साहेबाच्या पोटात एक गोळा उठला, की हेच काडतूस रयतेच्या हाती गेले तर? फौजेच्या कोठारातून चार पेट्या चोरीला गेल्या, की त्या कोणाच्याही बंदुकीत चालायच्या! म्हणून नियम झाला, की जे फौजेचे बोअर ते प्रजेला वर्ज्य. १९०७ च्या सुमारास साडेचारशे बोअरवरही अशीच गदा आली. त्याबरोबर विलायतेच्या बंदूकवाल्यांनी चारशे सत्तर, चारशे पासष्ट अशी नवी बोअरे बाजारात आणली. खंडाळ्याच्या गृहस्थांना ज्या 'घराण्यांचा' एवढा अभिमान, त्यांतली कित्येक अशी एका सरकारी मनाईच्या पोटी जन्मली आहेत. शौर्याचा त्यांत फारसा संबंध नाही.

आमचे तीनशे पंधराही त्याच मनाईचे अपत्य. ऑस्ट्रियाच्या बादशाही फौजेसाठी १८८८ साली मान्लिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे एक काडतूस निघाले होते. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीने ते उचलले, त्याला इंची नाव दिले आणि जवळजवळ आपल्या फौजी बंदुकीच्याच घडणीची रायफल त्यासाठी करून हिंदुस्थानात विकायला पाठवली. एका इंचाचे हजार भाग करा. त्यातले तीनशे तीन म्हणजे राजद्रोह आणि तीनशे पंधरा म्हणजे सभ्य गृहस्थाची करमणूक! एवढे मोठे साम्राज्य, आणि त्याची भीती एका इंचाच्या बारा सहस्रांश भागांवर उभी होती. मला या हिशेबाचे अजूनही हसू येते. पण हसून झाल्यावर हेही सांगितले पाहिजे, की स्वराज्य आल्यावर आपण तो नियम मोडला नाही. १९५९ चा शस्त्रकायदा आला, त्याचे नियम १९६२ साली आले, ते बदलून २०१६ साली नवे आले. तरी 'प्रतिबंधित बोअर' आणि 'अप्रतिबंधित बोअर' ही साहेबाची वाटणी कायम आहे आणि तीनशे तीन आजही तुम्हांआम्हांला वर्ज्यच आहे. मग उरले काय? तीनशे पंधरा. रायफल इशापूरची नाहीतर तिरुचिरापल्लीची. आणि काडतूस आमच्या खडकीचे.

होय, खडकीचे! लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलमध्ये बसा. कामशेत, वडगाव, तळेगाव करीत गाडी दापोडी ओलांडते आणि खडकी येते. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. मावळातली कित्येक माणसे पिढ्यान् पिढ्या त्याच्या भोंग्यावर उठली आहेत. २०२१ च्या १ ऑक्टोबरला सरकारने जुने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडिया नावाच्या कंपनीकडे गेला. पण काडतुसाच्या बुडाशी 'के. एफ.', म्हणजे किर्की फॅक्टरी, अशी साहेबाच्या उच्चारातली अक्षरे लोक अजून ओळखतात. मामांच्या काडतुसांवर तीच आहेत. व्याह्यांनी ज्याला म्युझियमचा माल म्हटले, तो मामांच्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर तयार झालेला आहे.

आता व्याह्यांच्या क्रीडमूरकडे वळू. हे काडतूस २००७ साली अमेरिकेत निघाले आणि त्याचे नाव न्यूयॉर्कजवळच्या एका जुन्या चांदमारीच्या मैदानावरून पडले. नावातच त्याचा धर्म आला: ते निशाण्याच्या शर्यतीसाठी जन्मलेले काडतूस आहे. बारीक, लांब, हवा कापीत जाणारी गोळी. दूरवर गेली तरी तिचा वेग फारसा मोडत नाही, वाऱ्याने ती फारशी ढळत नाही. हे सारे खरे आहे आणि त्यामागची कारागिरी थोर आहे. तिची टवाळी मी करणार नाही. पण पदार्थविज्ञान मला मॅट्रिकपुरते येते, तेवढ्यानेच मी एक हिशेब मांडला. क्रीडमूरची गोळी सुमारे नऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला आठशेवीस मीटरच्या आसपास. तीनशे पंधराची जुन्या बेताची गोळी जवळजवळ सोळा ग्रॅमची, वेग सहाशेवीसच्या आसपास. वेगाचा वर्ग, गुणिले वस्तुमान, भागिले दोन. दोन्हींचे उत्तर तीन हजार ज्यूलच्या जवळपास येते! नळीच्या तोंडाशी नवे आणि म्हातारे सारखेच जोरकस आहेत. उलट नुसते वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर म्हातारेच सरस ठरते.

फरक पडतो तो पुढे, अंतर वाढत जाते तसा. पन्नास मीटरवर दोन्ही गोळ्यांच्या पडण्यात दोन बोटांचाही फरक नाही. चारशे मीटरवर मात्र जमीन-अस्मान. तेव्हा खरा प्रश्न काडतुसाचा नाहीच. प्रश्न असा, की मावळात चारशे मीटर कुठे आहेत? टेक्सासचे माळ मी पाहिलेले नाहीत, पण मावळ पाहिला आहे. इथे खाचराला खाचर लागून उतरत गेलेले, बांधावर करवंदीच्या जाळ्या, वर कारवीचे रान आणि त्याच्या डोक्यावर कडा. शंभर पावलांपलीकडचे उघडे जनावर दिसण्याचे भाग्य इथे क्वचित. आणि जिथे दिसेल तिथे त्याच्या मागे काय असते? एखादी ठाकरवाडी, कातकऱ्यांचे झोप, नाहीतर द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचे दिवे! सपाट जाणारी, दूरवर मारणारी गोळी हा इथे गुण नव्हे, धोका आहे. जुन्या गोळीचाही धोका कमी नाही हो. चुकली तर तीही मैल-दीड मैल सहज जाते. म्हणून तर मामा माळ्यावर बसून खालच्या बाजूलाच नेम धरतात. गोळी जनावरातून निघाली तरी ओल्या चिखलात गाडली जावी.

मामांनी आयुष्यात या रायफलीने एकच डुक्कर मारले. वनखात्याचा लेखी परवाना घेऊन. मला सोबतीला नेले होते, त्यामुळे ते मी पाहिले. आश्विनातली रात्र, भात दुधात आलेले. अशा वेळी लोंबी दाबली, की आतून पांढरा चीक येतो. डुकरांना त्याचा वास कोसावरून लागतो असे आमच्याकडे म्हणतात. कळप नुसते खाऊन जात नाही. लोळतो, तुडवतो, एका रात्रीत खाचराची मळणी करून ठेवतो. त्या रात्री मामांनी तीन वेळा बंदूक खांद्याला लावली आणि तीन वेळा खाली घेतली. मी कुजबुजलो, "मामा, आता काय झालं?" ते म्हणाले, "गप रे. माशीवर जनावर बसलं न्हाई अजून." नळीच्या टोकाला नेम धरायची जी बारीक गुंडी असते तिला माशी म्हणतात, हे मला त्या रात्री कळले. चौथ्यांदा बार झाला. तीस पावले असतील. डुक्कर बांधावरच बसले ते उठले नाही. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला आणि खात्याच्या माणसांसमोर खड्डा खणून ते पुरले. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "आज लंघन करतो," एवढेच म्हणाले.

हे मी मामांची थोरवी गाण्यासाठी सांगत नाही. त्या काडतुसाचा गुण नेमका कशात आहे हे सांगायला सांगतो. गोळी जड, चाल मध्यम, टोक मऊ शिशाचे. ते आत शिरून छत्रीसारखे उमलते आणि जनावर जागीच बसते. अशाच मऊ टोकाच्या गोळ्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात निघाल्या आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेने त्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. माणसावर जी क्रूर ठरली, तीच जनावराच्या बाबतीत दयेची ठरते, कारण तिथे जखमी करून सोडणे हेच मोठे पाप. पण ती दया काडतुसात आपोआप येत नाही. ती येते जवळ जाण्याने. म्हातारे काडतूस माणसाला जवळ जायला लावते. तुझा नेम, तुझा श्वास, तुझी भीती यांची परीक्षा तिथे होऊ दे, असे म्हणते. नवे काडतूस म्हणते, तू लांबच थांब, बाकीचे मी पाहते! व्याह्यांना याच सोयीची मातब्बरी वाटते. मला तिचीच धास्ती वाटते. डुकराला कळतसुद्धा नाही, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. मारणाऱ्याला तरी कळते का, हे मला त्यांना विचारायचे होते.

आता खंडाळ्याच्या गृहस्थांकडे. त्यांचे नि माझे इथवर जमले असते. पण ते जुन्या काडतुसाबरोबर जुनी शिकारही परत मागतात. तिथे मी त्यांचा हात सोडतो. ते कॉर्बेटच्या दोनशे पंच्याहत्तरचे नाव घेतात. चांगली रायफल होती. तिचे सात मिलिमीटरचे माउझर काडतूस १८९२ सालचे, आणि बेल नावाच्या एका स्कॉट शिकाऱ्याने तशाच काडतुसाने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले, तेही गोळी कोठे लागते याचा अभ्यास करून. परंतु ती रायफल कॉर्बेटला मिळाली १९०७ साली, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल बक्षीस म्हणून! म्हणजे चारशेहून अधिक माणसे खाल्ल्याची जिची नोंद आहे ती वाघीण पडली, तेव्हा ही सुप्रसिद्ध रायफल त्याच्या हाती नव्हतीच. आणि तोच कॉर्बेट पुढे बंदूक ठेवून कॅमेरा घेऊन वाघामागे हिंडू लागला, हे त्यांच्या कपाटातल्या पुस्तकांनी त्यांना सांगितले नाही काय?

मावळात आज वाघ नाही. वाघजाई आहे, घाटाच्या तोंडाशी शेंदूर लावून बसलेली. पण तिचे वाहन गेले. जंगल तुटले, धरणे आली, आगगाडी आली, वस्ती वाढली, हे तर खरेच. पण सुटीत बंदूक घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींचा त्यात काहीच हात नव्हता, असे कोणी शपथेवर सांगेल? मुंबई राज्याने १९५१ साली शिकारीला वेसण घालणारा कायदा केला, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार पुढे बंदच झाली. उत्तम झाले. माझा जन्म त्यानंतरचा. मी शिकारीच्या गोष्टी ऐकत वाढलो, त्या मला आवडतात, माझ्या एका कादंबरीत मी एक हाका रंगवलाही आहे. पण म्हणून भिंतीवरचे शिंग पाहून उसासा टाकावा असे मला वाटत नाही. काडतुसाला घराणे नसते. त्याला काम असते. ज्या काडतुसाला आज काही काम उरले आहे, ते हॉलंडचेही नाही आणि रिग्बीचेही नाही. ते भातावर राखण करणाऱ्या माणसाजवळचे ओबडधोबड तीनशे पंधरा आहे. त्या खालोखाल बारा बोअर. बारा बोअर म्हणजे काय, असे मुले विचारतात म्हणून सांगून टाकतो: एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती.

आता तो तिसरा गृहस्थ. तो म्हणतो, "छे छे! बंदूकच नको. कोणतेच काडतूस नको. मुके जीव ते!" हा गृहस्थ सुशिक्षित असतो, दयाळू असतो, शनिवारी-रविवारी लोणावळ्याला येऊन चिक्की आणि इंद्रायणी तांदूळ घेऊन जातो. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली हे इंद्रायणी वाण बाहेर पडले आणि मावळाच्या चुलीचा वास बदलला. तो वास या गृहस्थाला फार आवडतो. तो तांदूळ रात्री कोणी राखला, हे मात्र त्याने कधी विचारलेले नाही. त्याच्या मनात एक चित्र आहे: बंदूक गेली, की डुक्कर सुखी. त्याला मी मावळातले खरे 'आधुनिक पर्याय' दाखवू इच्छितो. तीनशे पंधराच्या जागी खरोखर कोणती नवी साधने आली आहेत, ती. त्यांत क्रीडमूर नाही!

पहिला पर्याय, मोटारसायकलच्या क्लचची तार. तिचा फास करून कुंपणाच्या भगदाडात लावतात. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या कमरेत अडकतो आणि दिवस दिवस ओढ घेत राहतो. दुसरा पर्याय, विजेच्या खांबावरून आकडा टाकून बांधाभोवती सोडलेली उघडी तार. तिला डुक्कर, बैल आणि पाणी धरायला निघालेला माणूस यांतला फरक कळत नाही. पावसाळा सरताना वर्तमानपत्र उघडा. महाराष्ट्राच्या कोणत्या ना कोणत्या जिल्ह्यातून अशी बातमी असतेच, आणि पुष्कळदा मेलेला माणूस ज्याने तार सोडली त्याच्याच घरचा असतो. तिसरा पर्याय, गावठी बॉम्ब. स्फोटक दारूची पुडी कणकेत नाहीतर मांसात गुंडाळून डुकराच्या वाटेवर ठेवायची. ते चावले, की जबडा उडतो.

२०१९ च्या ऑक्टोबरात मामांच्या म्हशीने तो चावला.

कोणी ठेवला होता, ते आजवर कळले नाही. मांसासाठी डुकरे मारणारे कोणी बाहेरचे असतील, गावातलेही असतील. म्हैस संध्याकाळी नदीकडून आपल्या पायांनी घरी आली. खालचा जबडा लोंबत होता. ती गोठ्यात आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मामींनी पाण्याची बादली पुढे केली. तिने तोंड पाण्यात घातले, पाणी लाल झाले, आत गेले नाही. ती रात्रभर बादलीकडे पाहत उभी होती. दुसरा दिवसही तसाच गेला. जनावरांचे डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले आणि त्यांनी सुई देऊन तिला सोडवले. तिच्या पाठचे रेडकू तेव्हा महिन्याचेही नव्हते.

मामांची रायफल त्या वेळी घरात नव्हती. विधानसभेची निवडणूक होती. मतदान २१ ऑक्टोबरला. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की अनेक परवानावाल्यांना बंदुका ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो; तसा मामांनाही आला होता. हुकूम योग्यच आहे. निवडणुकीत बंदुकांचे काय काम? पण आपल्या राज्याच्या विधानसभेची निवडणूक २००९ साली ऑक्टोबरात झाली, २०१४ साली ऑक्टोबरात, २०१९ साली ऑक्टोबरात, आणि २०२४ साली नोव्हेंबरात. भात लोंबीला येण्याचा आणि कापणीचा काळ तोच! रान आणि ठाणे यांच्या पंचांगांचा मेळ कोणी घालायचा? रायफल घरी असती तर मामांनी म्हशीवर ती चालवली असती की नाही, मला ठाऊक नाही. मी त्यांना कधी विचारले नाही, आणि विचारणारही नाही.

"मास्तर, मग तुमचे म्हणणे तरी काय? प्रत्येक शेतकऱ्याला बंदूक द्यायची?" असा सवाल येईल. नाही हो! तसे म्हणणारा मी शेवटचा. माझ्या वर्गातल्या पोरांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल पाहिले तरी मी ते काढून घेतो. सौरकुंपणाचा हलका झटका देणारी तार जिथे परवडते आणि टिकते, तिथे ती बंदुकीहून केव्हाही चांगली. मात्र मावळच्या पावसात गवत हाताहाताने वाढते, तारेला टेकते आणि झटका जमिनीत मुरवून टाकते. रोज काठ साफ ठेवणारा माणूस नसेल तर ते कुंपण शोभेचे, हेही ध्यानात ठेवावे. राखणीचा माळा, पत्र्याचा डबा, गोफण, कुत्री ही आमची पहिली शस्त्रे आहेतच. पण या सगळ्याला न जुमानणारा एखादा सुळेवाला एकांडा उरतोच. रानडुक्कर आता वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. आणि उभ्या पिकाला धोका झालेले असे जनावर मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार तोच कायदा, अकराव्या कलमात, वनाधिकाऱ्यांना देतो. म्हणजे वाट आहे. अर्ज आहे, चौकशी आहे, परवाना आहे, पंचनामा आहे. फक्त त्या वाटेने जाणाऱ्यापाशी एक सरळ, ठाऊक असलेले, हिशेबात धरलेले हत्यार लागते. आणि अर्जाचे उत्तर भात कापायच्या आत यावे लागते. दोहोंतले एकही जागेवर नसले, की माणूस दुकानात जाऊन क्लचची तार आणतो. तिला परवाना लागत नाही. ती साठ-सत्तर पावलांवरून ओळखूही येत नाही. तिच्यावर कोणाचे नाव नसते.

तीनशे पंधराच्या बाजूने माझा शेवटचा दाखला हाच आहे. तिच्या प्रत्येक बाराला धनी असतो. परवान्यावर नंबर, वहीत काडतुसांची संख्या, वर्षाला ठरवून दिलेला कोटा. बार झाला की गाव जागे होते. कोणी मारले, हे लपत नाही. या काडतुसात दोष नाहीत असे नाही. ते महाग आहे, वेळेवर मिळत नाही, जुना साठा असला तर दोनात एक फुसका निघण्याची धास्ती असते. बंदूक जड, धक्का खांदा सुजवणारा. व्याह्यांच्या कंपन्यांनी उद्या असेच साधे, जवळून मारायचे आणि स्वस्त काडतूस काढले, तर मामा ते घेतील. त्यांना ऑस्ट्रियाच्या बादशहाचे काही देणे लागत नाही.

त्या दिवशी ओटीवर मामांनी अखेर तोंड उघडले ते एवढ्यासाठीच. व्याही निघायच्या बेतात होते. त्यांना एकदम त्या म्हाताऱ्या काडतुसाची माया उत्पन्न झाली आणि ते म्हणाले, "मामासाहेब, एखादे रिकामे काडतूस द्या की आठवण म्हणून. अमेरिकेत टेबलावर ठेवीन."

मामा उठले. आतल्या कुलपाच्या ट्रंकेतून चिक्कीचा एक जुना डबा घेऊन आले. त्यात तीन भरलेली काडतुसे होती आणि एक रिकामे, बुडाशी 'के. एफ.' लिहिलेले. त्यांनी रिकामे व्याह्यांच्या तळहातावर ठेवले, त्यांना ते नीट उलटसुलट पाहू दिले आणि मग हात पुढे केला.

"पाव्हणं, बघून झालं असंल तर द्या माघारी. नवीन घेताना ह्येचा हिशेब मागत्यात. आन् तुमी ह्ये खिशात घालून इमानतळावर गेलात, तर दिवाळी तितंच करावी लागंल."

व्याह्यांनी ते परत दिले. मामांनी डब्यात चारही पुन्हा मोजली आणि झाकण लावले.